खरं सांगितल्यामुळं काम गेलं, असं कोणाचं झालंय का?

शहापूरची मावशी:
काल शेजारच्या काकूंसाठी एअरबेड आणला, झोपून असलेल्या पेशंटला जखमा होऊ नयेत म्हणून असते ती पंपाची हवेची गादी. पंपाची घरघर सुरू झाली आणि जुनं सगळं वर आलं. मी बेळगावातल्या एका वृद्धाश्रमात आया होते. नाव घेत नाही. पुढं बाग, देवघर, सगळं नीटनेटकं. आत रात्री अख्ख्या मजल्याला एकच आया. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, हे मला तिथल्याच सिस्टरनी शिकवलं. पण एकटी बाई किती जणांना उचलणार? सकाळी वहीत मात्र सगळ्या रकान्यांत खुणा झालेल्या.

येळ्ळूरकडच्या एक आज्जी होत्या. माकडहाडावर जखम. आधी लाल, मग साल गेलं, मग खड्डा पडला. आंघोळ मी घालायची, पुसायचं मी, त्यामुळं वास पहिल्यांदा मलाच आला. सिस्टरना सांगितलं, मॅनेजरना सांगितलं. "डॉक्टर सोमवारी येतील." सोमवार येऊन गेला. लेक पुण्याला, रविवारी तिचा फोन यायचा. आज्जींना बोलता यायचं नाही, मी नुसता फोन कानाला धरायचे. त्या रविवारी लेकीनं मला विचारलं, आई बरी आहे ना? मी म्हटलं, नाही बरी. येऊन पाठ बघा.

ती आली, आज्जींना दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. "संस्थेची बदनामी केलीस, उद्यापासून येऊ नको." कागद नाही, पगार नाही. युनिफॉर्म तेवढा धुऊन परत मागितला. अजून जिव्हारी लागतंय. कोणाचं असं झालं असेल तर लिहा.

खानापूरकर:
मावशी, तुमच्यासारख्याच एका बाईमुळं आमचे बाबा वाचले. तिनं बाथरूममधून हळू आवाजात फोन केला, "अण्णांना दोन दिवस ताप आहे, तुम्हाला कळवलं नसणार." आम्ही त्याच रात्री निघालो. तिलाही काढलं. आता ती आमच्याकडंच बाबांना बघते. बाबा आमचं ऐकत नाहीत, तिचं ऐकतात.

निपाणीची लेक:
वृद्धाश्रमाचं नाही, पण माझी आई विड्या वळायची. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळायचे नाहीत, आणि त्याच विड्या मालक विकायचा. आईनं चारचौघींत विचारलं तर पुढच्या आठवड्यापासून पानच मिळेना. १९८१ ला तंबाखूच्या शेतकऱ्यांनी निपाणीत हायवे अडवला तेव्हा मी लहान होते. बाबा रात्री भाकऱ्या बांधून घेऊन जायचे. विषय भलतीकडं गेला, कुकर झालाय, नंतर येते.

चिकोडीचा ब्रदर:
मी दवाखान्यात स्टाफ ब्रदर. जे केलं नाही त्यावर सही करणार नाही म्हटलं. काढलं नाही, पण सतत नाईट लावली. शेवटी मीच सोडलं.

घरी पेशंट असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा. लाल डाग बोटानं दाबून सोडला आणि पांढरा पडला नाही, तर जखमेची सुरुवात झाली. सावळ्या अंगावर लाल दिसत नाही, काळपट जांभळं दिसतं, हाताला गरम किंवा घट्ट लागतं. त्याच्यावर पावडर टाकून चोळू नका, आतलं आणखी बिघडतं. टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी घाला. आणि बुडाखाली ठेवतात ती हवेची गोल रिंग नकोच, तिच्या कडेनं रक्त अडतं. एअरबेड असला तरी कूस बदलावीच लागते.

अनगोळची सून:
ब्रदर, लाइट गेली की एअरबेडचं काय करायचं? आमच्याकडं पावसाळ्यात तासन्‌तास जाते.

चिकोडीचा ब्रदर:
इन्व्हर्टरवर लावा ताई, पंपाला वीज अगदी थोडी लागते. इन्व्हर्टर नसेल तर लाइट येईपर्यंत जास्त वेळा कूस बदला.

कडोलीचा वकील:
मावशी, कामावरून काढलं तरी केलेल्या कामाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावाच लागतो, काढण्याचं कारण काहीही असो. कामगार खात्यात अर्ज द्या. हजेरीच्या पानाचा फोटो, बँकेत पगार आला असेल तर पासबुक, सोबतच्या कोणाचं तरी नाव, एवढं जमवा. अर्ज कन्नडात लिहून घ्या, लवकर हलतो. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

ज्येष्ठांची आबाळ दिसली तर १४५६७ हा फुकट नंबर आहे, सकाळी ८ ते रात्री ८. दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिकांचं खातंही जिल्ह्याला आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात गरीब ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम काढावा असं लिहिलंय. सरकारी जागा कमी, म्हणून खासगीवाल्यांचं फावतं. आणि सांगणाऱ्या आयेला संरक्षण देणारं त्यात काहीच नाही, मला सगळ्यात राग त्याचा येतो.

संकेश्वरची टीचर:
आज्जींचं पुढं काय झालं वो?

शहापूरची मावशी:
दवाखान्यात मेलेलं मांस काढलं, मग लेकीनं पुण्याला नेलं. जखम भरायला फार दिवस लागले, पण भरली. लेकीनं फोटो पाठवला होता, आज्जी खुर्चीत बसून कुंदा खातायत. पुढं वर्षभरानं गेल्या, स्वतःच्या लेकीच्या घरी.

वकीलसाहेब, खूप उपकार. हजेरीचं पान नाही, पण माझ्यासोबतची एक मुलगी अजून तिथंच आहे. ती बोलायला तयार आहे, फक्त तिची नोकरी जाईल ही भीती.

कडोलीचा वकील:
तिला आत्ताच पुढं करू नका. आधी तुमचा अर्ज जाऊ दे. बुधवारी कोर्टाच्या आवारात या, मी लिहून देतो. फी नको.

अनगोळची सून:
मावशी, सासूबाईंसाठी दिवसाची बाई पाहिजे. तुम्ही येता का? नाहीतर ओळखीची कोणी? पण रात्री आम्ही आहोत, एकटीवर टाकणार नाही.

शहापूरची मावशी:
माझं टिळकवाडीत सुरू आहे ताई. पण वडगावची एक चांगली बाई आहे, हात फार हलका. संध्याकाळी विचारून सांगते. सासूबाईंना शुगर आहे का, तेवढं कळवा.

निपाणीची लेक:
आले परत. ब्रदर, टाचेचं सांगितलंत ते बरं झालं, आत्ता आईच्या टाचा बघितल्या. डावी काळपट दिसतेय. उद्या डॉक्टरकडं नेते.