पीटीचा तास संघासाठी की सगळ्या पोरांसाठी?

पालक, उत्तर सोलापूर
आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत विषय निघाला की जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना शारीरिक शिक्षणाचा एकच आराखडा असावा. माझं मत: असावा, पण तो संघ निवडण्यासाठी नको.

परवा शाळेत गेलो तेव्हा खो-खोचा सराव चालला होता. फक्की मारलेली, बारा जणी मैदानात. सातवीच्या बाकीच्या मुली कडेला. त्यातली एक सगळ्यांच्या चपला ओळीने लावून राखत बसली होती. विचारलं तर म्हणाली, "माझं रोजचंच काम आहे, काका." तिला दुखतखुपत काही नव्हतं. संघात नाव नव्हतं, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते. आपल्याकडे आठवड्याला दोन-तीन तास मिळतात, त्यातही निम्मा वर्ग बसून! लेझीम घ्या, साठ पोरं एकदम नाचतात. फेकणं, झेलणं, उडी, तोल हे सगळ्यांना आलं पाहिजे. आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा धावणं सकाळच्या पहिल्याच तासाला घ्या.

क्रीडाशिक्षक, माळशिरस तालुका
दादा, तळमळ पटते, निष्कर्ष नाही. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरातल्या पोराला मैदानच वर काढतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. जानेवारी 2025 मध्ये खो-खोचा पहिला वर्ल्ड कप आपण जिंकला, तेव्हा महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. अशी पोरं घडवायची तर निवड करावीच लागते. मी एकटा, पट दोनशेचा.

पालक, उत्तर सोलापूर
सर, नोकरीचंच म्हणाल तर पोलीस भरतीला 50 गुणांची मैदानी चाचणी असते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. तिथे फक्त संघातली पोरं जात नाहीत, गावातली सगळीच जातात. संघाचा सराव शाळा सुटल्यावर घ्या. तास सगळ्यांचा राहू द्या.

निवृत्त शिक्षिका, सोलापूर शहर
तुम्ही दोघंही आठवी-नववीच्या मुलींबद्दल बोलतच नाही. पूर्व भागातल्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. आया घरी विड्या वळायच्या, मुली सकाळी त्यांना हातभार लावून शाळेत यायच्या. पीटीचा तास आला की वर्गातल्या पाच-सहा जणींचं पोट दुखायचं. कपडे बदलायला आडोसा नव्हता आणि ते सरांना सांगायचं कसं? आराखड्यात पहिलं कलम बंद खोलीचं आणि पाण्याचं घाला. खेळ कोणता ते मागाहून ठरवा.

मुख्याध्यापक, सांगोला तालुका
बाई, अगदी खरं. माझा विरोध वेगळा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच आहे. वाडीवरच्या शाळेला तो मिळत नाही. तिथे वर्गशिक्षकच शिट्टी वाजवतो. मोठ्या शाळेत शिक्षक असतो, तर परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो. असा जिल्हाभर एक आराखडा चालणार नाही. दोन करा, आणि छोट्या शाळेचा साध्या शिक्षकाला वाचून घेता येईल असा लिहा.

पालक, उत्तर सोलापूर
दोन करू. हे मान्य, सर.

क्रीडाशिक्षक, माळशिरस तालुका
मला अजून मान्य नाही. शाळा सुटल्यावर सराव म्हणता, पण आमच्या निम्म्या मुली वस्तीवरून येतात. शेवटची एसटी साडेपाचला आहे. ती चुकली तर दुसऱ्या दिवसापासून घरचे मैदानच बंद करतात. याची सोय कोण करणार ते सांगा, मग तास सगळ्यांना द्यायला मी तयार आहे.