पीत नाहीत की देत नाहीत?
कुणीतरी म्हटलंय की केअर सेंटरमधली म्हातारी माणसं स्वतःच पाणी पीत नाहीत, स्टाफ काय करणार. अहो वय वाढलं की तहान कमी लागते हे खरंच, पण म्हणूनच तर सारखं विचारून, कप हातात देऊन पाजायचं असतं ना! मावशी होती त्या केअर सेंटरमध्ये तांब्या खिडकीत, ती बेडवर, आणि संध्याकाळनंतर पाणी मुद्दाम कमी कारण रात्री डायपर बदलायला नको. मग जीभ कोरडी, लघवी गडद, असंबद्ध बडबड, तर म्हणे वय झालं हो, आणि सलाईन लागल्यावर बाई व्यवस्थित बोलायला लागली. भेटायला गेलात की इनटेक-आउटपुट चार्ट (किती पाणी पोटात गेलं, किती लघवी झाली याची नोंद) मागा, सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने २०० मिली दिसलं तर समजून जा, न पाजताच एका दमात भरलेला असणार. (हार्ट-किडनीवाल्यांना किती पाजायचं ते मात्र डॉक्टरलाच विचारा.)