मदत हवी आहे: यंत्रमाग कामगाराने नसबंदी केली तर किती दिवस सुट्टी लागते?

नमस्कार. आम्ही सोलापुरात, अशोक चौकाच्या बाजूला राहतो. थोरल्या जाऊबाईंसाठी विचारतेय. दोन मुली, दोन्ही सिझर. दोघांनाही आता मूल नको आहे.

आधी तांबी बसवली, पण अंगावरून फार जायचं म्हणून काढली. मग तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन सुरू केलं, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं ते. दुसऱ्या इंजेक्शननंतर पाळीच थांबली. "घाण रक्त पोटात साठतंय," असं बिड्या वळायला बसणाऱ्या बायकांनी मनात भरवलं. आशाताईंनी समजावलं, की गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, साठायला काही नसतं. पटलं, पण भीती गेली नाही. तिसरं इंजेक्शन घ्यायला त्या गेल्याच नाहीत, त्यालाही दोन आठवडे झाले.

आता घरात एकच धोशा, तिचं ऑपरेशन करून टाका. दोनदा पोट फाडून झालंय, परत तिनेच का टेबलावर झोपायचं? आशाताईंनी पुरुषांच्या बिनटाक्याच्या नसबंदीचं सांगितलं, तेव्हा भाऊजी उठून गेले नाहीत. एवढंच म्हणाले, "कारखान्यात सुताचा जड बीम उचलायचा असतो. कमजोरी आली तर?" मला ही टाळाटाळ वाटली नाही. खाडा झाला की मजुरी बुडते.

मी धाकटी, त्यांच्याशी हा विषय काढू शकत नाही. माझे मिस्टर बोलतील, पण त्यांना खात्रीची माहिती हवी. अंगमेहनत करणाऱ्या कुणी करून घेतली असेल तर कृपया लिहा. बायकोची सही लागते का?

प्रतिसाद:
ताई, मी मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलतो. जागा बधिर करून केलं, पंधरा-वीस मिनिटं, त्याच दिवशी घरी. दोन दिवस आराम, आठवड्यानंतर पुन्हा गोण्या. फक्त वीर्यनलिका बंद करतात, अंडकोष तसेच राहतात, म्हणून ताकदीला काही होत नाही. संमती स्वतःचीच लागते.

पण लगेच मोकळं समजू नका. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. आणि नळी पुन्हा जोडता येईल या भरवशावर करू नका.

जाऊबाईंचं इंजेक्शन चार आठवड्यांपर्यंत उशिरा चालतं, तेव्हा भाऊजींचं ठरेपर्यंत ते याच आठवड्यात घ्या. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो.