मदत हवी आहे: खुनाच्या तपासात सोसायटीतल्या भाडेकरूचा फोटो ‘आरोपी’ म्हणून फिरतोय (नाशिक)

सचिव_पाथर्डीफाटा:

नमस्कार. पाथर्डी फाट्याच्या बाजूला ४८ फ्लॅटची सोसायटी आहे, तिची सचिव म्हणून विचारते आहे. जरा घाई आहे.

परिसरात एका महिलेचा खून झालाय. गुन्हा दाखल आहे, अटक कोणालाच नाही. सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या एका मुलाला पोलिसांनी दोनदा चौकशीला बोलावलं आणि दोन्ही वेळा संध्याकाळी घरी पाठवलं. तेवढ्यावरून त्याचा फोटो, गावाचं नाव आणि गाडीचा नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, तिथून बाहेर गेला. काल इन्स्टाग्रामच्या एका पेजवर आमच्या गेटच्या कॅमेऱ्याची क्लिप ‘हाच तो’ असं लिहून लागली. खाली मयत बाईंच्या चारित्र्यावर नको नको ते लिहिलंय. त्यांच्या शाळकरी मुलीचा गणवेशातला फोटोही कोणीतरी चिकटवलाय.

विचारायचं ते असं. पोस्ट आणि क्लिप कोणत्या क्रमाने काढायच्या? पोलिस आता मागच्या गेटचं आणि पार्किंगचंही फुटेज मागताहेत, ते द्यायचं कसं? ग्रुपची ॲडमिन मीच आहे, माझ्यावर काय येऊ शकतं? आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ६७ वर्षांच्या काकांनी त्या रात्री मागच्या गेटपाशी कोणालातरी पाहिलंय, पण पोलिस स्टेशनची पायरी चढायला ते घाबरतात. त्यांना काय सांगू?

कृपया नावं विचारू नका, इथे कोणाचंच लिहिणार नाही.

जुना_सीबीएस:

ताई, पोस्ट लगेच रिपोर्ट करू नका. आधी ती पकडून ठेवा. पोस्ट उडाली की ती कोणी टाकली, कधी टाकली, कोणी पुढे ढकलली याचा मागही पुसट होतो.

पकडून ठेवणं म्हणजे नुसता स्क्रीनशॉट नव्हे. पोस्टची लिंक आणि पेजची लिंक दोन्ही कॉपी करून लिहून ठेवा, कारण पेजचं नाव बदललं की नुसत्या नावावरून ते सापडत नाही. स्क्रीनशॉट कापू नका. वरची वेळ, खात्याचं नाव, खालच्या प्रतिक्रिया सगळं दिसू द्या. व्हिडिओ असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा. व्हॉट्सॲपचं संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा आणि ज्या फोनवर ते आलं तो फोन रिसेट करू नका, विकू नका.

मग त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा आणि तिची प्रत शहर सायबर पोलिस ठाण्यात द्या. (१९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर वेळ घालवू नका.) अर्जात एक वाक्य हमखास लिहा: ‘सदर खात्याची माहिती जतन करून ठेवण्याची विनंती कंपनीला पाठवावी.’ पोलिसांची अशी विनंती गेली की कंपनी नोंदी ९० दिवस राखून ठेवते. त्यानंतर ॲपमधून पोस्ट रिपोर्ट करा. कारण निवडताना ‘मला आवडलं नाही’ असलं काही नको, गोपनीयतेचा भंग किंवा छळ हे निवडा. ज्याचा फोटो आहे त्याने स्वतः रिपोर्ट केलं तर त्याला जास्त वजन असतं. ॲपने नकार दिला तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

आता बदनामीचं. इथे बहुतेकांची गल्लत होते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पण गुन्हा अदखलपात्र आहे. पोलिस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील आणि कोर्टात जायला सांगतील; ती टाळाटाळ नाही, कायदाच तसा आहे. खासगी फिर्याद न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते, आणि ज्याची बदनामी झाली त्यानेच करायची असते. सोसायटी त्या मुलाच्या वतीने करू शकत नाही. मुदत तीन वर्षांची. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा असेल तर मात्र एकच वर्ष, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात उशिरा येतं. वकील परवडत नसेल तर सीबीएसजवळच्या (जुन्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अर्ज करायला सांगा.

मयत बाईंबद्दल जे लिहिलंय तेही याच कलमात बसतं. मेलेल्या माणसाची बदनामी त्याच्या जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली तर ती बदनामीच, असं कलमाच्या पहिल्याच स्पष्टीकरणात आहे. त्यांच्या घरच्यांपर्यंत हे जरूर पोहोचवा. आज त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी नसेल.

गुन्ह्यात लैंगिक अत्याचाराचं कलम लागलं असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं. मग पीडितेचं नाव किंवा ओळख उघड करणं हाच न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि ती हयात नसली तरी हे लागू राहतं; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते स्पष्ट केलंय. मुलगी साक्षीदार असेल तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे तिचं नाव, शाळा, फोटो काहीही छापता-दाखवता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गणवेशावरून शाळा कळते, म्हणून सगळ्यात आधी तो फोटो काढायला लावा.

गोदेकाठी:

बाकी सगळं ठीक, पण लोकांनी सावध राहायचं नाही का? दोनदा चौकशीला नेलं म्हणजे काहीतरी असेलच ना. आमच्याही घरात लेकीबाळी आहेत. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

निवृत्त_ठाणे_अंमलदार:

भीती समजते, पण चौकशीला बोलावणं आणि अटक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. खुनाच्या तपासात शेजारी, दूधवाला, वॉचमन, शेवटचा फोन करणारा असे सगळे बोलावले जातात, काही जण चार-चार वेळा. अटक झाली तर नाव पोलिसच जाहीरपणे लावतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटकेतल्या माणसांची माहिती ठाण्यात दाखवणं बंधनकारक आहे. तोवर नाव फिरवणाऱ्याला पोलिसांपेक्षा जास्त काही ठाऊक नसतं.

नोएडात २००८ मध्ये दुहेरी खून झाला, त्यात पहिल्या दिवशी सगळ्यांचा संशय घरातल्या नोकरावर होता. दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह गच्चीवर सापडला. तोवर तिथे किती लोक येऊन-जाऊन पुरावे तुडवून गेले होते, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि लांब कशाला, आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी पाच निरपराध माणसं मोबाइलवरच्या अफवेपायी जिवानिशी गेली. त्या मुलाच्या गाडीचा नंबर ग्रुपवर आहे, हे विसरू नका.

आता तपासाच्या बाजूने सांगतो, कारण याकडे कोणी बघत नाही. समजा, उद्या खरा गुन्हेगार सापडला. काकांना ओळख परेडसाठी बोलावलं जाईल. कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर, सारख्या वयाच्या, सारख्या बांध्याच्या माणसांत उभं करून ओळखायला सांगतात. कोर्टात आरोपीच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो, ‘फोटो आधी पाहिला होता का?’ हो म्हटलं की परेडची किंमत जवळजवळ संपते. ‘हाच तो’ म्हणून फिरवलेला फोटो चुकीच्या माणसाचा असेल तर त्याहून वाईट: काकांच्या डोक्यात तो चेहरा बसतो आणि खरा पुसला जातो. वरून खरा आरोपी कोर्टात म्हणतो की तुम्ही तर आधी दुसऱ्याच माणसाला ओळखलं होतं.

म्हणून काकांना आजच एवढं करायला सांगा. कोऱ्या कागदावर, कोणाशीही न बोलता, स्वतःच्या शब्दांत लिहायचं: किती वाजता पाहिलं आणि वेळ कशावरून आठवते, उजेड कुठला होता, अंतर साधारण किती पावलं, कपडे, चाल, हातात काय, कोणत्या दिशेला गेला. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असंच. खाली तारीख, वेळ. ग्रुपवरचा फोटो त्यांनी आधीच पाहिला असेल तर तेही लिहायचं आणि तपासी अंमलदारांना स्वतःहून सांगायचं. लपवलं तर उलटतपासणीत बाहेर येतं.

ठाण्यात त्यांना यावंच लागत नाही. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साठीच्या वरच्या पुरुषाला, कोणत्याही वयाच्या बाईला, पंधराच्या आतल्या मुलाला आणि आजारी किंवा अपंग माणसाला साक्षीदार म्हणून घराबाहेर बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. तपासी अंमलदारांना फोन करून ‘काकांचं वय ६७ आहे, घरी जबाब घ्यावा’ एवढंच सांगा. त्या जबाबावर सही द्यायची नसते. कोणी मागितली तर कलम १८१ दाखवा. धमकी आली तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो, सरकारी वकील कार्यालयात विचारा.

डीव्हीआर_दुरुस्ती_सिडको:

ताई, फुटेजबद्दल कोणी बोललंच नाही अजून, आणि सगळ्यात घाई त्याचीच आहे. कॅमेरे किती, हार्ड डिस्क किती टीबीची, घटना होऊन किती दिवस झाले?

सचिव_पाथर्डीफाटा:

आठ कॅमेरे, सगळे २ मेगापिक्सेल. डिस्क २ टीबी. आज नववा दिवस. पुढच्या गेटचं फुटेज पोलिसांनी पहिल्या दिवशी पेनड्राइव्हवर नेलं होतं, बाकीचं तसंच आहे.

डीव्हीआर_दुरुस्ती_सिडको:

मग हिशेब करा. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) लिहितो. आठ कॅमेरे म्हणजे १६ मेगाबिट; आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला २ एमबी, दिवसाला १७० जीबीच्या वर. २ टीबी अकरा-साडेअकरा दिवसांत भरते आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं फुटेज साठवणारी पेटी) सगळ्यात जुनं खोडून वर लिहू लागतो. तुमच्या हातात दोन दिवस आहेत, सेटिंग जास्त बिटरेटवर असेल तर तेही नाहीत. आत्ता तपासी अंमलदारांना फोन करा.

सर्वांत चांगलं म्हणजे पंचनामा करून अख्खी डिस्कच ताब्यात द्या आणि तिथे नवी लावा. त्यांना आज येणं जमत नसेल तर फोन कधी केला ते लिहून ठेवा, मेनूमधून डीव्हीआर बंद करा (वायर ओढून नाही, शेवटच्या फाइल खराब होतात) आणि डिस्क दोन कमिटी सदस्यांच्या सहीने पाकिटात सील करा. ती दुसऱ्या डीव्हीआरला किंवा कॉम्प्युटरला ‘जरा बघू’ म्हणून लावू नका. डीव्हीआर नवी डिस्क समजून फॉरमॅट करू का विचारतो, आणि कोणीतरी ‘हो’ दाबतं.

फक्त कॉपी हवी असेल तर ती डीव्हीआरवरून थेट काढा, मोबाइल ॲपवरून नाही. ॲपवर सहसा हलक्या दर्जाची सब-स्ट्रीम येते, चेहरा आणि नंबरप्लेट धूसर दिसते. मेन स्ट्रीम निवडा, कंपनीच्या मूळ फॉरमॅटमध्येच आणि सोबत त्याचा प्लेअरही. स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपला चालेल, कोर्टात नाही.

घड्याळ बघा. डीव्हीआरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे-मागे असतंच. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या आणि फरक लिहून द्या. ते आत्ता दुरुस्त करू नका.

जुना_सीबीएस:

यात भर. कॉपी दिली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे. भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे सोसायटीने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) येते. हॅश काढल्यानंतर फाइल उघडून सेव्ह करू नका, आकडा बदलतो. पोलिसांकडून फुटेजची मागणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी घ्या, पंचनाम्याची प्रत मागा. आणि गेटची क्लिप बाहेर कशी गेली, तेही कमिटीने शोधा. डीव्हीआरचा पासवर्ड किती जणांकडे आहे? आजच बदला, दोनच माणसांकडे ठेवा.

ॲडमिन म्हणून: दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल नुसतं ॲडमिन असल्यामुळे तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसा निकाल दिलाय. पण संगनमत नसावं. आधी एक्स्पोर्ट, मग तो फोटो सगळ्यांसाठी डिलीट करा, ग्रुप ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ वर ठेवा आणि एवढं टाका: ‘कोणालाही अटक झालेली नाही. फोटो, नाव, गाडीचा नंबर, फुटेज पुढे पाठवू नये. कोणाला काही माहिती असल्यास तपासी अंमलदारांना थेट कळवावी, ग्रुपवर लिहू नये.’ कोण दोषी, कोण निर्दोष यावर सोसायटीने एक शब्दही लिहायचा नाही.

सचिव_पाथर्डीफाटा:

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासी अंमलदार आज रात्री आठला येताहेत, काकांचा जबाबही घरीच घेतील. दोन गोष्टी राहिल्या. चार सभासद म्हणताहेत मुलाला घर खाली करायला लावा. आणि डिस्क देताना मी नेमकं काय तपासू?

जुना_सीबीएस:

भाडेकरार मालक आणि मुलामधला आहे, सोसायटीला त्याला काढायचा अधिकार नाही. ठराव केलात तर तो त्याच्या फिर्यादीला पुरावा म्हणून जोडला जाईल. पाणी, लिफ्ट, गेटवरचा प्रवेश यांना हात लावू नका. आणि त्याच्याशी कोणीतरी माणूस म्हणून दोन शब्द बोला, वयाने लहान आहे.

डीव्हीआर_दुरुस्ती_सिडको:

डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर पंचनाम्यात जसाच्या तसा आलाय का, ते सही करण्याआधी अक्षर-अक्षर वाचा. डीव्हीआरचं मॉडेल आणि घड्याळाचा फरकही त्यात येऊ द्या. जुनी डिस्क बाहेर पडली, पाकिटावर सह्या झाल्या, की मगच नवी लावून घड्याळ बरोबर करा. आठ कॅमेऱ्यांना या वेळी ४ टीबीची घ्या, तेवीस दिवस निघतात.