पूर्वनोंदणी सक्तीची करावी, की आधी मोजपट्टी तपासावी?

कोरीपाटी (धागाकर्ता)

पीएचडीचा असो वा अनुदानातला, पहिलं निरीक्षण घेण्याआधी प्रयोगाचा आराखडा तारखेसह नोंदवलेला (म्हणजेच पूर्वनोंदणी केलेला) असलाच पाहिजे, असं माझं मत. मुख्य मोजमाप कोणतं (एकच!), प्रत्येक गटात नमुने किती, कोणत्या कारणाने निरीक्षण वगळणार, चाचणी कोणती आणि थांबायचं कधी. एका पानाचं काम आहे.

सगळ्यात जास्त घोळ थांबण्यात होतो. थोडे नमुने झाले की पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) बघायचं, ०.०५ च्या खाली नसेल तर आणखी थोडे घ्यायचे. यात कुणाला लबाडी वाटतही नाही. पण खरा फरक शून्य असताना सारख्या अंतराने ५ वेळा डोकावलं, तर कधी ना कधी खोटा 'फरक' दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून साधारण १४ टक्क्यांवर जाते. १० वेळा डोकावलं तर १९. शिवाय दोन-तीन मोजमापांतून सोयीचं निवडलं, की मग विचारूच नका.

पुरावा हवा असेल तर अमेरिकेतल्या सरकारी अनुदानाच्या मोठ्या हृदयविकार चाचण्यांचा २०१५ चा आढावा पाहा. तिथे चाचण्यांची जाहीर नोंदणी २००० मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता, नंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये.

खुंटीदोरी

पटलं नाही. एक तर २००० नंतरच्या रुग्णांना आधीपासूनच बरी औषधं मिळत असतील, तर नव्या औषधाला वाव कमीच उरतो. सगळं श्रेय नोंदणीला कसं देता?

दुसरं महत्त्वाचं. नोंदणीने विश्लेषणाला खुंटी बसते, मोजमापाला नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगात (शेताचा छोटा तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढायचा) तुकडा केवढा घ्यायचा यावर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि सुखात्मे (मूळचे सातारा जिल्ह्यातले) यांचं वाजलं होतं. महालनोबिस छोट्या वर्तुळांच्या बाजूने होते: खर्च कमी, ठिकाणं जास्त. छोट्या तुकड्यांत उत्पादन फुगतं, हे सुखात्म्यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं.

कारण साधं आहे. काठावरचं रोप आत की बाहेर, याचा संशय आला की कापणारा ते आत घेतो. २ फूट, म्हणजे ६१ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा काठ ५ सेंमी बाहेर सरकला तर क्षेत्र १७ टक्के वाढतं. ५ बाय ५ मीटरच्या चौकोनात चारही बाजू तेवढ्याच सरकल्या तरी वाढ ४ टक्के. आता ते वर्तुळ तुम्ही हजार ठिकाणी पूर्वनोंदणी करून कापा. उत्तर चुकीचंच येईल, फक्त मोठ्या आत्मविश्वासाने. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

गंमत म्हणजे महालनोबिस यांचंही चूक नव्हतं. त्यांची माणसं खास शिकवून तयार केलेली होती, तर सुखात्म्यांना महसूल आणि शेती खात्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यायचं होतं. म्हणजे पद्धत तपासायची तर ती वापरणाऱ्या हातांसकट तपासावी लागते.

कोरीपाटी

उदाहरण तुमचंच आहे, पण साक्ष माझ्या बाजूने देतंय. कापणी प्रयोगात शेताचा गट नंबर कोणता आणि तुकड्याचा कोपरा कुठे, हे यादृच्छिक आकड्यांवरून आधी ठरतं ना? शेतात गेल्यावर 'इथे पीक लोळलंय, जरा पलीकडे घेऊ' म्हणत खुंट्या हलवल्या, की २५ चौरस मीटरचा चौकोनही वाया. आधी ठरवून लिहून ठेवायचं आणि मग हलायचं नाही, यालाच मी पूर्वनोंदणी म्हणतोय.

शंभरमिली

प्रयोगशाळेच्या बाजूने एक अडचण. १९९९ मध्ये ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड इथल्या तीन प्रयोगशाळांनी उंदरांच्या त्याच जाती, तीच उपकरणं, तेच वय, दिवसाची तीच वेळ असं सगळं जुळवून वर्तणुकीच्या चाचण्या केल्या. तरी काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेगणिक वेगळे आले. आराखडा काटेकोर असूनही जे सापडतं ते त्या एका खोलीपुरतं असू शकतं.

त्यापेक्षा गटातले २४ उंदीर एकाच आठवड्यात न उरकता ८-८ च्या तीन तुकड्या करा. आठवडा वेगळा, शक्य तर हाताळणारा वेगळा, प्रत्येक तुकडीत दोन्ही गट. विश्लेषणात तुकडी हा घटक धरा. खर्च जवळपास तोच आणि निष्कर्ष जरा तरी टिकाऊ.

कोरीपाटी

तुकड्यांची सूचना मान्य, तीही आराखड्यात लिहा. फक्त प्रत्येक तुकडीचा निकाल सुटा छापू नका. गटात ८ असताना ८० टक्के ताकदीने (म्हणजे खरा फरक दहापैकी आठ वेळा सापडेल असा) पकडायचा तर फरक प्रमाण विचलनाच्या (आकड्यांच्या सरासरीभोवतीच्या पसाऱ्याच्या) दीडपट लागतो. अर्ध्या विचलनाएवढा फरक पकडायला गटात ६४ हवेत.

पी_मूल्य_काका

पूर्वनोंदणी वगैरे पाळली तर निष्कर्ष भरपूर टिकतात, असं सांगणारा शोधनिबंध २०२३ मध्ये एका मोठ्या नियतकालिकात आला होता. २०२४ मध्ये मागे घेतला. त्याच्या स्वतःच्या मुख्य दाव्याचं विश्लेषण पूर्वनोंदवलेलं नव्हतं! 😄

कोरीपाटी

काका, पण तो पकडला गेला कशामुळे? जुन्या नोंदी उघड होत्या आणि लोकांनी त्या ताडून पाहिल्या म्हणून.

शंभरमिली

ताडून पाहणारे असतात कुठे, हाच तर प्रश्न आहे. पाच नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतल्या ६७ चाचण्या एका गटाने नोंदींशी ताडल्या, तर तंतोतंत जुळल्या फक्त ९. बाकीच्यांत ठरलेली मोजमापं गाळलेली, नवी गुपचूप घुसवलेली. आपल्याकडे सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची भारतातली नोंदवही) २००७ पासून आहे, २००९ पासून औषध चाचण्यांना नोंदणी सक्तीची आहे, पण काम सुरू झाल्यावरची नोंदणी बंद व्हायला एप्रिल २०१८ उजाडलं. पीएचडीला सक्ती केलीत तर प्रबंध लिहून झाल्यावर आराखडा 'तयार' होईल.

खुंटीदोरी

म्हणून सक्तीला माझा विरोध कायम. करायचीच असेल तर त्या एका पानात एक रकाना वाढवा: तीच वस्तू दोघांनी एकमेकांचा आकडा न बघता मोजली तर फरक किती? निदान २० वस्तू, मुख्य प्रयोगाच्या आधी. महालनोबिस एकाच भागात दोन स्वतंत्र पथकं स्वतंत्र नमुने घेऊन पाठवत, ते याचसाठी. हा फरक तुम्ही शोधताय त्या परिणामाएवढाच निघाला, तर प्रयोग सुरूच करू नका.

कोरीपाटी

रकाना घेतला. पण दोघांचे सगळे आकडे जसेच्या तसे आराखड्यासोबत द्यायचे, नुसती सरासरी चालणार नाही. आणि तारीख विद्यार्थ्याने हाताने भरायची नाही, नोंदणीच्या संगणकानेच टाकायची.