नाशिकमध्ये पहिलं वर्ष संपत आलंय: करार वाढवू, घर बदलू की आधी कागद करू?

शहाद्याचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. शहाद्याहून नाशिकला येऊन दहा महिने होत आले. नोकरी अंबड एमआयडीसीत, घर पंचवटीत हिरावाडीला. घरात आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी. भाडं ९,५०० रुपये, डिपॉझिट ४०,०००. अकरा महिन्यांचा करार पाच आठवड्यांत संपतो. मालक म्हणतात, "पाचशे रुपये वाढवून द्या आणि राहा, परत नोंदणीच्या भानगडीत पडायला नको."

आधार, मतदार यादी, रेशन कार्ड, गाडीचा पत्ता, सगळं अजून शहाद्याचंच आहे. गॅससाठी मालकांचंच सिलिंडर वापरतोय. कंपनीने घरभाड्याच्या सवलतीसाठी पावत्या आणि मालकांचा पॅन मागितलाय. पंचवटीत राहावं की सिडको, पाथर्डी फाट्याकडे जावं, याचाही विचार चालू आहे.

पहिल्या वर्षाचा हिशेब नेमका कसा मांडायचा आणि कोणतं काम आधी करायचं? ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी सविस्तर सांगावं.

करारपत्र_सातपूर

भाऊ, आधी घर ठरवा, मग करार, मग बाकीचे कागद. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक कागद दोनदा बदलावा लागतो. आधारचा पत्ता बदलायला नोंदणीकृत भाडेकरार चालतो आणि पुढची बहुतेक कामं आधारच्या पत्त्यावर होतात. म्हणजे सगळ्याचं मूळ त्या करारात आहे.

मालकांचं "नोंदणी नको" मुळीच ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे तुमच्यासारखा ठरावीक मुदतीचा) भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदवलेला नसेल आणि पुढे अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे मालकांना शांतपणे सांगा. बऱ्याच जणांना वाटतं की नोंदणी न केल्याने आपण सुरक्षित राहतो. खरं तर त्यात त्यांचंच नुकसान आहे.

तुमच्या बाजूनेही धोका आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. तोंडी वाढवलेल्या मुदतीला कागदाचा आधार नसतो.

आणि खर्च किती येतो ते बघा. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. एकूण रक्कम म्हणजे करारकाळाचं सगळं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. ९,५०० गुणिले ११ म्हणजे १,०४,५००. ४०,००० वर अकरा महिन्यांचं व्याज ३,६६७. बेरीज १,०८,१६७, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण २७० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यावर दस्त हाताळणीचे थोडे आणि एजंटकडून केलं तर त्याची मजुरी. घरबसल्या ऑनलाइन होतं, आधारवर अंगठा आणि फोटो द्यावा लागतो. मालक आणि तुम्ही एकाच दिवशी एकत्र असायलाच हवं असंही नाही.

नोंदवलेला करार "वाढवला" जात नाही, दरवेळी नवा करावा लागतो. म्हणून राहायचं पक्कं असेल तर ३३ किंवा ३६ महिन्यांचा एकच करार करा आणि दरवर्षीची वाढ त्यातच आकड्यात लिहून घ्या. नोंदणी फी एकदाच जाते आणि "यंदा हजार वाढवा" हा विषय तीन वर्षं निघत नाही. मात्र नोटिसीचा काळ एक महिना आणि लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही तो) असेल तर दोघांनाही सारखा, हे वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. तयार मसुद्यात लॉक-इन बहुतेक वेळा फक्त भाडेकरूवर टाकलेला असतो.

पंचवटीत राहणार असाल तर आणखी एक. येत्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. त्या काळात पंचवटी, तपोवन भागात घरांना वेगळाच भाव येणार. तुमचा करार त्या महिन्यांवरून जाणार असेल तर मालकांनी मध्येच घर मागू नये म्हणून त्यांच्या बाजूचा लॉक-इन सप्टेंबर २०२७ च्या पुढे न्या.

अंबड_शिफ्ट

घर कुठे घ्यायचं याचा हिशेब नुसत्या भाड्यावर करू नका. भाडं आणि येणं-जाणं एकत्र धरा.

हिरावाडी ते तुमचा कारखाना १२ किलोमीटर धरू. जाऊन-येऊन २४, महिन्याचे २५ दिवस म्हणजे ६०० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देत असेल तर १२ लिटर, १०५ च्या भावाने १,२६० रुपये. ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक यांचा किलोमीटरमागे एक रुपया धरला तर आणखी ६००. झाले १,८६० रुपये. तेच घर कारखान्यापासून ४ किलोमीटरवर असेल तर हाच खर्च ६२० होतो. म्हणजे सिडकोत किंवा पाथर्डी फाट्याला १,२०० रुपये जास्त भाडं दिलं तरी खिशातून जाणारे पैसे तेवढेच. वर दिवसाची चाळीस मिनिटं वाचली तर महिन्याचे सोळा-सतरा तास होतात. जनरल शिफ्टला निघालात तर द्वारका आणि मुंबई नाक्याला जी गर्दी लागते, ती सुटते हे वेगळंच.

पण तिकडे घर बघताना या गोष्टी तपासा. सिडकोच्या सहा योजनांमधल्या बैठ्या घरांवर बऱ्याच मालकांनी वर मजले चढवून भाड्याने दिलेत. तिथे एका मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडं असतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांत चढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढे आणखी जास्त. तुमचे ९० आणि शेजाऱ्याचे ११० एका मीटरवर आले की बिल २०० युनिटचं होतं आणि निम्मे युनिट वरच्या दराने लागतात. स्वतःचा मीटर असता तर तुमचे सगळे ९० खालच्या टप्प्यात बसले असते. मुख्य मीटरच्या पुढे तुमच्यासाठी वेगळा सबमीटर असेल तर मालक युनिटला किती लावतात ते विचारा आणि मूळ बिलाची रक्कम भागिले युनिट करून ताडून बघा.

गिझरकडेही लक्ष द्या. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. नाशिकच्या हिवाळ्यात दोघांच्या आंघोळीला रोज तास झाला तर महिन्याला ६० युनिट त्यातच जातात आणि टप्पा ओलांडला जातो.

पाण्याचं विचारताना "पाणी आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. पालिकेचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ, जमिनीखालची टाकी केवढी, बोअरची लाइन वेगळी आहे का, एप्रिल-मेमध्ये टँकर मागवला होता का, असं विचारा. शहराला मुख्य पाणी गंगापूर धरणातून येतं. साठा खाली गेला की कपात होते, आणि देखभालीसाठी एखाद्या शनिवारी पुरवठा बंद राहतो. टाकी लहान असलेल्या इमारतीत त्याच दिवशी कळतं.

घर गोदावरी, नासर्डी, वालदेवी किंवा वाघाडीच्या जवळ असेल तर तळमजला घेऊ नका. निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा, कुठून जाते ते बघा, कंपाउंडच्या भिंतीवरचे जुने पाण्याचे डाग बघा. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर शेजाऱ्यांना नक्की आठवतील, त्यांनाच विचारा. पावसाळ्यात गोदाघाटावर गाडी लावून बाजारात जाण्याची सवय तर मोडाच. धरणातून विसर्ग वाढवला की घाट बघता बघता भरतो. गाडी बुडाली तर ती चालू करून बघू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो.

शहाद्याचा_वाटसरू

फार उपयोगी माहिती. हिशेब मांडला तर पाथर्डी फाटाच बरा दिसतोय. मग मतदार यादी, रेशन वगैरे सगळं नव्या पत्त्यावर लगेच न्यावं का? गावी आईवडील आणि थोडी शेती आहे.

दाखले_आणि_अर्ज

सगळं नेऊ नका. काही कागद गावीच राहिलेले बरे.

जातीचा दाखला मूळ गावाच्या पत्त्यावरून, तिकडच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडूनच मिळतो. मुलीचा काढला नसेल तर सुट्टीत शहाद्याला गेल्यावर तिथेच अर्ज करा. नाशिकला अर्ज करून वेळ घालवू नका. विकास सोसायटीचं सभासदत्व, पीककर्जाचं खातं, सातबारा यांनाही नाशिकच्या पत्त्याची गरज नाही. ई-पीक पाहणीला मात्र शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, तेव्हा ते घरच्या कुणाला तरी शिकवून ठेवा.

रेशन कार्ड राष्ट्रीय अन्न सुरक्षेत असेल तर धान्य नाशिकच्या कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा देऊन घेता येतं, त्यासाठी कार्ड हलवावं लागत नाही. पण महिन्याचा कोटा कार्डाला एकच. आईवडील त्याच कार्डावर असतील आणि त्यांनी तिकडे सगळं धान्य उचललं, तर इथे काही उरणार नाही. कोणी किती घ्यायचं ते घरात ठरवा.

मतदार यादीचं नीट विचार करून ठरवा. नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही, तो गुन्हा आहे. पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा. क्रमांक ६ नव्या मतदारासाठी आहे, तो भरला तर नाव दुबार होतं. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते, त्यामुळे इकडे नाव आणलं की गावच्या निवडणुकीतलं मत जातं. तरी तुम्ही राहता इथे, पाणी-रस्ते वापरता इथले, तेव्हा माझ्या मते नाव इथेच असावं. फक्त घर बदलल्यावर करा. पंचवटी नाशिक पूर्व मतदारसंघात येते आणि सिडको-अंबड पट्टा नाशिक पश्चिममध्ये. आत्ता केलंत तर दोन महिन्यांनी पुन्हा तोच अर्ज भरावा लागेल.

गाडीचा एमएच ३९ नंबर बदलावा लागत नाही, राज्य तेच आहे. राहण्याचा पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुमची मुदत उलटून गेली आहे, तेव्हा नवा करार हातात आला की हे काम पुढे ढकलू नका. विमा कंपनीलाही नवा पत्ता द्या.

गॅस: शहाद्यात तुमच्या नावावर कनेक्शन असेल तर तिथल्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या. जुनी अनामत परत मिळते. ते व्हाउचर पाथर्डी फाट्याकडच्या एजन्सीत दिलं की त्या दिवशीच्या दराने अनामत भरून कनेक्शन चालू होतं. शेगडी आणि नळी तुमचीच राहते, पण नळीवरची तारीख बघा. पाच वर्षं झाली असतील तर बदला. मात्र आईवडील तेच सिलिंडर वापरत असतील तर ते तिथेच राहू द्या आणि इथे पत्नीच्या नावाने नवं कनेक्शन मागा. त्यासाठी रेशन कार्ड वेगळं असल्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो, एजन्सीत आधी विचारा.

मुलीच्या पहिलीसाठी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांचा विचार असेल तर लक्षात ठेवा: भाडेकरार नोंदणीकृतच लागतो, अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा चालत नाही आणि तो अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा असावा लागतो. शाळाही घरापासूनच्या अंतरावर ठरते. म्हणून घर बदलायचं तर अर्ज सुरू होण्याआधी बदला.

हिशेबनीस_इंदिरानगर

पॅनचं कुणी सांगितलं नाही म्हणून. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकांचा पॅन द्यावा लागतो. ९,५०० गुणिले १२ म्हणजे १,१४,०००, तेव्हा तुम्हाला लागणारच. घरभाड्याची ही सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी निवडली असेल तर पावत्या गोळा करण्याचा काही उपयोग नाही, आधी कंपनीत तुमची कोणती नोंद आहे ते विचारा. जुनी असेल तर नाशिकला मूळ पगाराच्या ४० टक्क्यांची मर्यादा लागते, मुंबईची ५० टक्के नाही. भाडं बँकेतून द्या. रोख दिलंत आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प हवं.

आणि पंचवटीचं घर सोडताना डिपॉझिट अडकू नये म्हणून एक महिना आधी व्हॉट्सअॅपवर लेखी नोटीस द्या, तारखेसह. शेवटच्या दिवशी सामान निघाल्यावर प्रत्येक खोलीचा, नळांचा, बाथरूमच्या फरशीचा आणि वीजमीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढा. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या अॅपवर थकबाकी शून्य दाखवते का ते मालकांसमोर बघा. रंगासाठी किती कापणार हे करारात लिहिलेलं नसेल तर रंगाऱ्याचं बिल मागा. चावी आणि डिपॉझिट एकाच वेळी हातात बदललं पाहिजे. "पुढच्या आठवड्यात टाकतो" म्हणाले तर पुढच्या आठवड्याची तारीख घातलेला चेक घ्या आणि मगच चावी द्या.