मदत हवी आहे: जळणाच्या लाकडासाठी स्वस्तातली, कामाची हत्यारं कोणती?

रानवाट:
ओंडक्यांचा ढीग पडून आहे आणि माझी कुऱ्हाड त्यात नुसती रुतून बसते. धार लावून आणली तरी तेच. ती उपसून काढण्यातच अर्धी ताकद जाते. जेवढं फुटलं तेवढं धड पेटत नाही, पेटलं तर खोलीभर धूर. लाकूड फोडायचं यंत्र घेणं परवडणारं नाही. फोडणं, घरात आणणं, पेटवणं यासाठी थोडक्या पैशात काय काय घ्यावं? 'हीटर घ्या' असं कृपया कुणी सांगू नका. गारठा वाढतोय, जरा लवकर सांगा.

घणपाचर:
कुऱ्हाड कोणती आहे? पातळ पात्याची असेल तर ती झाड तोडायची. तिचं काम तंतू आडवे कापायचं, म्हणून उभ्या ओंडक्यात ती खोल शिरते आणि अडकते. फोडायच्या कुऱ्हाडीचं तोंड जाड आणि फुगीर असतं, लाकूड कापण्यापेक्षा ते फाकवतं. डोकं अडीच ते साडेतीन किलोचं घ्या. सोबत दोन पोलादी पाचरी आणि घण. दोन अशासाठी की एक अडकली तर दुसरीने तिला सोडवता येतं.

कोरडवाहू:
लाकूड कोणतं, कापून किती दिवस झाले, आणि जाळताय कशात? हे कळल्याशिवाय काही सांगणं अवघड आहे.

टायरवाले_आबा:
सगळ्यात उपयोगी वस्तू फुकट मिळते, ती म्हणजे जुनं टायर. फोडायच्या ठोकळ्यावर ठेवा आणि ओंडका त्यात उभा करा. घाव घातला की फोडी चौफेर उडत नाहीत, दरवेळी वाकून उचलाव्या लागत नाहीत. कंबर वाचते. कुऱ्हाड निसटली तरी पायावर येण्याआधी रबरावर आदळते. माझ्याकडे वर्षानुवर्षं एकच टायर आहे.

रानवाट:
टायरचं आवडलं, आजच बघतो. पण पेटत का नाही ते सांगा ना. लाकूड साधंच आहे, शेगडीत जाळतो.

कोरडवाहू:
'साधं' म्हणजे कुठलं झाड? शेगडी उघडी की दाराची? धूर नळीने बाहेर जातो का? भाऊ, विचारलेलं सांगा, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल.

रानवाट:
लोखंडी शेगडी, काचेचं दार, नळी छतातून वर. निलगिरी. झाड पाडून दोनेक महिने झाले. पावसाचा थेंब लागू दिलेला नाही, सगळा ढीग ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळून दोरीने बांधलाय.

कोरडवाहू:
मिळालं उत्तर. लाकूड ओलं आहे आणि ताडपत्री त्याला वाळू देत नाहीये. ताज्या लाकडाच्या वजनातला निम्म्याच्या आसपास भाग पाणी असू शकतो. जळायला ते २० टक्क्यांच्या खाली यावं लागतं, आणि टणक लाकडाला त्यासाठी फोडून रचल्यावरही सहा महिन्यांपासून दोन वर्षं लागतात. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता जाते. त्याहून मोठं नुकसान म्हणजे आग थंड पडते आणि लाकडातून निघणारे वायू न जळताच नळीत शिरतात. तुम्हाला दिसतो तो धूर हाच. नळीत डांबरासारखा थर साचतो आणि पुढे कधीतरी तोच पेट घेतो. नळी आधी साफ करून घ्या.

ताडपत्री आजच सोडा. ढीग जमिनीवरून उचलून फळ्यांवर रचा, वरून फक्त छप्पर, बाजू उघड्या. वारा आरपार गेला पाहिजे. विकत घ्यायचंच असेल तर दोन सुयांचा ओलावा मापायचा मीटर घ्या.

निखारा:
मीटरला +१, पण ओंडक्याच्या टोकावर टोचू नका. टोकं सगळ्यांत आधी वाळतात. फोड मधोमध दोन करा आणि ताज्या पृष्ठभागावर, तंतूंच्या दिशेने सुया रोवा. आणखी एक: हे मीटर कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्के सांगतात, तर जळणाची २० टक्क्यांची मर्यादा सहसा एकूण वजनावर असते. मीटरवर २५ दिसलं म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के पाणी.

टायरवाले_आबा:
एवढा हिशोब कशाला? हुकाचा ताणकाटा घ्या. ढिगातल्या चार-सहा फोडींवर खडूने वजन आणि तारीख लिहा, दर आठवड्याला टांगून बघा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. काट्याला बॅटरीही लागत नाही.

निखारा:
आबा, वजन थांबलं याचा अर्थ लाकूड तिथल्या हवेशी जुळलं, एवढाच. जागा दमट असेल तर ते जळण्याइतकं कोरडं न होताही थांबेल. काटा वाळण्याचा वेग दाखवतो, आज जाळायचं की नाही ते मीटर सांगतो.

टायरवाले_आबा:
उघड्यावर, वाऱ्यात रचलं तर जागा दमट राहतेच कशाला? मी काटाच वापरणार.

सई_जोग:
भांडी घासायचा द्रव साबण टोकाला लावून दुसऱ्या टोकाने फुंकायचं. बुडबुडे आले तर लाकूड कोरडं. एक पैसा खर्च नाही.

निखारा:
सगळ्या झाडांना ते लागू पडत नाही. काहींच्या आतल्या नळ्या वाळल्यावरही बंदच असतात. त्यापेक्षा दोन फोडी एकमेकींवर आपटा. कोरड्या टणटण वाजतात, ओल्या बद्द.

जुना_दांडा:
कुऱ्हाडीच्या दांड्याबद्दल कुणीच बोललं नाही. वर्षातून एकदा पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल पुसा, दांडा तडकत नाही. व्हार्निश लावू नका, हाताला फोड येतात. आणि कुऱ्हाड रुतली की मागून घणाने हाणा, पलीकडे निघते.

घणपाचर:
शेवटचं वाक्य कृपया कुणी ऐकू नका. साध्या कुऱ्हाडीची पाठ घणाचा मार खायला केलेली नसते. दांडा बसतो ते नेढं फाकतं, डोकं सैल होतं, आणि पोलादाचा कपचा डोळ्यात जाऊ शकतो. मार खायला पाचर असते. तिचंही डोकं फुलारलं की कानशीने घासून घ्या आणि डोळ्यांवर गॉगल हवाच.
तेलाच्या चिंध्यांबद्दलही सांगायला हवं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकल्या तर आपोआप तापून पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

रानवाट, निलगिरीला पीळ असतो, मधोमध घाव घालू नका. कडेने पाकळ्या काढत आत या. आणि सगळं आत्ताच फोडून टाका, वाळल्यावर ती फारच चिवट होते.

माधवी_क:
दादा, घरात आणायला जाड कॅनव्हासचा दोन कानांचा तुकडा पुरतो. हातांना वेल्डिंगचे लांब चामडी मोजे घ्या, शेगडीवाल्यांच्या खास मोज्यांपेक्षा स्वस्त पडतात. राखेसाठी झाकणाची पत्र्याची बादली, प्लॅस्टिकची चुकूनही नको. राखेखाली निखारे दिवस उलटला तरी जिवंत असतात, म्हणून बादली लाकडी जमिनीवरही नको.
आणि हे सगळं घेण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. खोलीत धूर येतो असं तुम्हीच लिहिलंय. धूर दिसतो, हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. नळी साफ होईपर्यंत शेगडी पेटवू नका.

रानवाट:
शेगडी बंद केली आहे, नळी साफ करणाऱ्याला सांगितलंय, अलार्मही मागवला. शेजाऱ्यांचा मीटर आणून ताज्या फोडीत टोचला, ३८ दाखवतोय. पाचरीने कडेकडेने खरंच फुटतंय. म्हणजे हा ढीग यंदा बाद. मग तोवर जाळू काय?

कोरडवाहू:
भुशाच्या दाबून केलेल्या विटा मिळाल्या तर उत्तम. नाहीतर माल वाहायचे जुने लाकडी पॅलेट कापून घ्या, धनुकरवत पुरते. शिक्का मात्र बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते जाळू नका. रंगवलेलं, डाग पडलेलं, प्लायवूड, हेही नको.

सई_जोग:
पॅलेटमध्ये खिळे असतात. राख बागेत टाकणार असाल तर आधी जुन्या स्पीकरमधलं चुंबक तिच्यात फिरवा.

रानवाट:
चारांवर 'एचटी' आहे, एकावर काहीच नाही. ते बाजूला ठेवतो.